अकराशे पाट्या

काकींनी माझं वजन पहिल्याच भेटीत सांगितलं, आणि तेही तीन डंपरवाल्यांच्या देखत.

"साडेतीन पाट्या," त्या म्हणाल्या. "ती खांद्याची पिशवी सोरून."

पाटी म्हणजे किती, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पण डंपरवाले ज्या तऱ्हेने हसले त्यावरून कौतुक नसावं एवढं कळलं. मी तोऱ्यात म्हटलं, "काकी, मी इथे खडी न्यायला आलेय, स्वतःला मोजून घ्यायला नाही."

काकींनी मला पुन्हा एकदा पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि शांतपणे म्हणाल्या, "रागावलीस तरी तेवरीच भरतंस गो बाय."

पुढे बऱ्याच दिवसांनी त्यांच्या पाटीचा उलगडा झाला. एक पाटी खडी म्हणजे सोळा किलो. त्या पहिल्या भेटीच्या दिवशी घरच्या काट्यावर मी छप्पन भरले होते. गुणाकार करून बघितला, तो तंतोतंत जुळला.

मी नुकतीच सिव्हिलची डिग्री घेऊन कल्याणच्या एका छोट्या कंत्राटदाराकडे लागलेले. खडी-रेती मागवणं आणि आलेला माल मोजून घेणं हे काम नेहमी नव्या माणसाच्या गळ्यात पडतं. आमचा माल यायचा कळव्याला खाडीकाठच्या एका यार्डातून, आणि त्या यार्डाच्या मालक होत्या काकी. सगळे त्यांना काकीच म्हणत. त्यांच्याहून मोठे ड्रायव्हरसुद्धा.

पासष्टीच्या, ठेंगण्या, काळ्यासावळ्या. बोलताना 'ड'चा 'र' व्हायचा: गाडीची गारी, खडीची खरी. लुगडं गुडघ्यापर्यंत चोपून नेसलेलं, गळ्यात मूठभर सोनं आणि पायात प्लास्टिकच्या चपला. घरची शेतं आणि मिठागरं केव्हाच गेलेली, त्या जमिनीवर आता टॉवर उभे होते, मुलगा मोठ्या गाडीतून फिरत होता. काकींना यार्डात बसायची काहीएक गरज नव्हती. तरी सकाळी सातच्या ठोक्याला त्या हजर असायच्या. खडीच्या आणि रेतीच्या ढिगांमधून एक फेरी मारायच्या, प्रत्येक ढिगापाशी क्षणभर थांबायच्या आणि मग आंब्याच्या झाडाखालच्या खुर्चीवर बसायच्या. ती फेरी म्हणजे त्यांची पूजा आहे असं ड्रायव्हर म्हणायचे. मधे कोणी बोललेलं त्यांना खपायचं नाही.

पाटीची गोष्ट अशी. आठव्या-नवव्या वर्षापासून त्या आईबरोबर मिठागरावर जात. मीठ पाटीत भरायचं, डोक्यावर घ्यायचं, अरुंद बांधावरून चालत जायचं आणि राशीवर ओतायचं. लग्न होऊन सासरी आल्या तर तिथे खाडीतली रेती होड्यांमधून उतरवायची होती, तीही पाटीनेच. तीस-पस्तीस वर्षं हे केलं. डोक्याच्या मधोमध रुपयाएवढ्या जागेत केस उगवायचेच थांबले. लहर आली की पदर मागे सारून त्या ती जागा दाखवायच्या आणि म्हणायच्या, "यो माजा काटा."

किलो, टन सगळं त्यांना कळायचं. आमच्या धंद्यातलं माप म्हणजे ब्रास, म्हणजे शंभर घनफूट, तेही कळायचं. पण बोलायचं मात्र पाटीत. एका ब्रासला दोनशे साठ पाट्या, हे मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलेलं, नाहीतर त्यांच्याशी संभाषण अशक्य होतं. शेजारच्या बारशाला गेल्या की बाळ हातात घेऊन म्हणायच्या, "पाव पाटीला कमी हाय, आईला खायला घाला." देवीच्या जत्रेत भाताचा टोप बघून किती पानं उठतील ते सांगायच्या. एकदा, आम्ही चहा पीत बसलेलो असताना, काही कारण नसताना म्हणाल्या, "माजा मानूस पाच पाट्यांचा व्हता. गेला तवा अडीच. मीच उचलून खाली ठेवला, म्हनून मना ठाव." आणि लगेच फाटकातून आलेल्या गाडीवर ओरडायला उठल्या.

फाटक म्हटल्यावर स्पीडब्रेकरची गोष्ट सांगायलाच हवी. यार्डाच्या फाटकातच काकींनी स्वतः उभं राहून एक उंच स्पीडब्रेकर बांधून घेतला होता. सगळे लोक स्पीडब्रेकर गाड्या हळू जाव्यात म्हणून बांधतात. काकींनी तो गाड्या हादराव्यात म्हणून बांधला होता. शीळफाट्याकडच्या खाणीतून आलेला डंपर आधी त्यावरून तीनदा पुढेमागे जायचा, आणि मगच हौद्यात काठी घालून माप घ्यायचं. बाहेर जाणाऱ्या गाडीलाही तोच नियम. ड्रायव्हर कुरकुरायचे, "काकी, एक दिवस गाडीचा कमानपाटा तुटेल." काकी खुर्चीवरून न हलता म्हणायच्या, "तुटंल तवा बघू. आधी नाचव."

मला हा शुद्ध वेडेपणा वाटायचा. एक दिवस काकी कुठे लग्नाला गेलेल्या, मी घाईत होते, आणि गाडी न नाचवताच काठोकाठ भरून घेतली. माप घेतलं, सही केली. विठ्ठलवाडीच्या आमच्या साइटवर गाडी पोचली तेव्हा हौद्यातली खडी चार इंच खाली. मी ड्रायव्हरवर तुटून पडले. वाटेत माल विकलास, मला बाई म्हणून फसवतोस, पोलिसात देईन, तोंडाला येईल ते बोलले. तो बीडकडचा, वयाने माझ्या वडलांएवढा माणूस.  फक्त म्हणाला, "मॅडम, परत चला. काकींसमोर बोला."

दुपारी काकी परत आल्या. माझं सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी आपला जेवणाचा स्टीलचा डबा घासून मागवला, टपरीवरून फुटाणे आणून तो काठोकाठ भरला, झाकण लावलं आणि माझ्या हातात दिला. "जा, फाटकापर्यंत चालत जा न् ये. जरा झपझप."

मी गेले आणि आले. काकींनी झाकण उघडलं. फुटाणे बोटभर खाली गेलेले.

"खाल्लंस?"

"नाही हो काकी."

"मंग गेले कुठं?"

मी डब्यात बघत राहिले. ड्रायव्हर दुसरीकडे बघत राहिला, हसू लपवायला असेल.

"माल चोरला नाय गो बाय, माल झोपला," काकी म्हणाल्या. "गारी हादरते, खरे खाली बसतंत. म्हनून तर आधी नाचवून घेतंव. आथा त्या मानसाच्या पाया पर."

मी पाया पडले. तो बिचारा चार पावलं मागे सरकला. खडीचे दगड हादऱ्याने एकमेकांत बसतात, हे मी कॉलेजात शिकलेले, परीक्षेत त्यावर गुणही मिळवलेले. पण एखाद्या प्रामाणिक माणसाला चोर म्हणण्याआधी ते मला आठवलं नव्हतं. त्या दिवसापासून मी काकींना वेडी म्हणणं बंद केलं.

त्यांची खरी कमाल ढिगात होती. ढीग बघून त्या किती पाट्या ते सांगायच्या, आणि पाच-दहाच्या वर चुकायच्या नाहीत. मी विचारलं, कसं? त्यांना प्रश्नच कळला नाही. मला जर कोणी विचारलं की तू आईला गर्दीत कशी ओळखतेस, तर मी जे उत्तर देईन तेच त्या द्यायला गेल्या आणि थांबल्या. मग जरा विचार करून म्हणाल्या, "ढीग खोटा बोलत नाय. रेती वतली का ती आपल्याच उतारावर बसते. खरी तिच्या उतारावर. तू कितीबी वत, उंच करायला गेलीस तं ती रुंद होनारच. मंग उंची दिसली का झाला. बाकीचा ढीग बघायचा कनाला?"

म्हणजे शेंडा दिसला की पायथा कळला, आणि पायथा कळला की पाट्या कळल्या. मी खोडकरपणाने त्यांची परीक्षा घेतली. पत्र्याच्या कुंपणापलीकडे दुसऱ्या एकाचं यार्ड होतं. तिथल्या खडीच्या ढिगाचा फक्त शेंडा कुंपणावरून दिसायचा, ढोपरभर. मी म्हटलं, "तो किती?" काकी चहा पीत होत्या. कप न ठेवता म्हणाल्या, "सोळाशे." मी टेप घेऊन पलीकडे गेले, त्या यार्डवाल्याच्या हातापाया पडून ढीग मोजला, कागदावर हिशोब केला. सहा ब्रासच्या जरासं वर. सोळाशेला दोनशे साठने भागलं आणि अंगावर काटा आला. परत आले तेव्हा काकींचा चहा संपला होता. त्यांनी काय निघालं ते विचारलंसुद्धा नाही.

त्या कधी चुकल्याच नाहीत असं मात्र नाही. एकदा कुठल्याशा बिल्डरसाठी थर्माकोलच्या बारीक गोळ्यांचं मिश्रण आलं, सिमेंट लावलेलं, दिसायला थेट करडी खडी. हलक्या भरणीसाठी. गोणी फाटून ते आवारात सांडलेलं. काकींनी लांबूनच आकडा टाकला, नेहमीच्या सवयीने उठल्या, एक पाटी भरली आणि डोक्यावर घ्यायला हिसका दिला. पाटी हातातून वर उडाली, काकी मागच्या मागे रेतीत बसल्या. आम्ही सगळे धावलो. लागलं काहीच नव्हतं, पण चेहरा असा झालेला, जणू कोणी त्यांच्या घरी येऊन अपमान केला असावा. "ज्याला वजन नाय त्याचा भरवसा कं धरायचा?" असं म्हणून त्यांनी तो माल तासाभरात यार्डाबाहेर काढायला लावला. नंतर वर्षभर थर्माकोल हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची कोणाची छाती नव्हती. मी एकदा उच्चारला. चार दिवस चहा मिळाला नाही.

आता जे सांगायचं आहे ते मी फारसं कुणाला सांगत नाही, कारण त्यात चूक माझी आहे.

माझे आईवडील डोंबिवलीला एका तीनमजली इमारतीत राहतात, तिसऱ्या मजल्यावर. वर थेट गच्ची. इमारत तीस वर्षांची. बाबा तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी होते आणि मुलगी इंजिनियर असल्याचा त्यांना भारी अभिमान. गच्चीचं गळतीचं काम काढलं तेव्हा देखरेख माझ्याकडे आली, आपसूकच. आमच्याकडे अशा कामात एक ठरलेली पद्धत आहे. माल वर चढवायला मशीन भाड्याने आणतात, आणि ते एका दिवसाचं असतं, म्हणून सगळ्या कामाची रेती त्या एकाच दिवसात वर जाते. हप्त्या-हप्त्याने चढवत कोणी बसत नाही. कंत्राटदार म्हणाला, तीन ब्रास आहे. मी चलन, म्हणजे मालाबरोबर येणारा कागद, बघितलं, त्यावर तीन लिहिलेलं. मी म्हटलं, पसरून ठेवा, कडेकडेने. तो म्हणाला, हो मॅडम.

संध्याकाळी गेले तर गच्चीच्या मधोमध एकच ढीग. पसरला असता तर जुना थर फोडायला जागा राहिली नसती, म्हणे. मी चिडले, दोन शब्द बोलले, आणि मग म्हटलं, जाऊ दे, परवा काम सुरूच होतंय, दोन दिवसांचा तर प्रश्न. खाली उतरले आणि आईच्या हातची आमटी खाल्ली. दोन वर्षं काकींच्या यार्डात ढीग बघायला शिकलेली मी. चलन बघितलं, ढीग बघितला नाही.

काम परवा सुरू झालं नाही. वैशाखातले दिवस, लग्नसराई. कंत्राटदाराची माणसं गावाकडे लग्नाला गेली ती गेलीच. ढीग वर बारा दिवस बसून राहिला. वाऱ्याने रेती शेजारच्यांच्या खिडक्यांत उडायला लागली, त्यांनी तक्रार केली, म्हणून वॉचमन रोज सकाळी पाइपने ढिगावर पाणी मारायचा. हेही मला माहीत होतं.

तेराव्या दिवशी रविवार होता. काकींच्या नातवाची हळद ठरलेली, आणि हळदीचं आमंत्रण काकी स्वतः देत, दारात जाऊन, कुंकू लावून. सुनेला घेऊन त्या रिक्षाने आल्या. मी त्यांना घ्यायला खाली उतरले. काकी रिक्षातून उतरल्या, कपाळावर हात धरून वर बघितलं, आणि तशाच उभ्या राहिल्या. गच्चीच्या कठड्यावरून ढिगाचा शेंडा दिसत होता.

"वर कोनी ठेवला?"

"कंत्राटदाराने. गच्चीचं काम आहे."

"पानी मारलाय."

"धूळ उडते म्हणून. तीन ब्रास आहे काकी, मी चलन बघितलंय."

काकींनी दोन पावलं मागे होऊन शेंडा पुन्हा बघितला. मग म्हणाल्या, "अकराशे पाट्या."

तीन ब्रासच्या पाट्या होतात आठशेच्या आत. म्हणजे चारच्या वर ब्रास होता तो. चलनाचा कागद आणि काकी यांतलं खरं कोण, हे मला त्या क्षणी कळलं. मी मनात गुणाकार केला. ओल्या रेतीची पाटी सतरा किलोची. अठरा-एकोणीस टन. आणि ती गच्ची बांधलेली माणसांनी संध्याकाळी बसावं, बायकांनी पापड वाळत घालावेत, एवढ्यासाठी. 

वर आलो. बाबांनी हसून स्वागत केलं. मी ढिगाचं बोलायला लागले तर म्हणाले, "अगं, काय घाबरवतेस? बारा दिवस काही झालं नाही." आणि काकींकडे वळून, "अहो, आमची मुलगी इंजिनियर आहे. तिने सगळा हिशोब केलाय."

काकींनी वाद घातला नाही. त्या घरभर बघत होत्या. आतल्या खोलीचं दार उघडं होतं आणि ते आपोआप हलू नये म्हणून आईने त्याला स्टूल लावलेलं.

"ता दार लागतंय?" काकींनी आईला विचारलं.

"नाही ना लागत!" आई म्हणाली. "आठ दिवस झाले. चौकटीला अडतंय वरून. सुतार बोलावून दोनदा रंधा मारून घेतला, तरी परत अडतंय. लाकूड फुगलंय."

"वैशाखान लाकूड फुगतंय?" काकी म्हणाल्या.

 लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं, हे आईला माहीत होतं, बाबांना माहीत होतं, सुतारालाही माहीत होतं. लाकूड फुगलं नव्हतं. वरचा स्लॅब खाली येत होता आणि चौकट दाबत होता. त्या खोलीत आई रात्री झोपायची.

पुढची दहा मिनिटं मला तुकड्या-तुकड्यांत आठवतात. बाबांनी प्रत्येक दार वाजवलं. बारा बिऱ्हाडं रस्त्यावर उतरली, कोणी लाटणं हातात घेऊन, कोणी टॉवेल गुंडाळून. मी कंत्राटदाराला फोन केला, तो म्हणाला उद्या माणसं पाठवतो. काकी म्हणाल्या, उद्या नाय, आथा. ढीग वरून मागच्या मोकळ्या प्लॉटवर टाकायचा. वर घमेली होती, पाटीच्याच मापाची, फावडी होती. माणसं हवी होती. पण रस्त्यावर उभ्या असलेल्यांपैकी एकही पुढे येईना. आणि का यावं? मी स्वतः इंजिनियर, मीच नुकतं ओरडून सांगितलेलं की स्लॅब कधीही बसेल. आता मीच म्हणत होते, त्यावर चढा.

काकींनी सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि जिन्याकडे वळल्या.

"कुठे चाललात?"

"त्या खोलीन. मी बसतंव खाली. दारावर कोनीतरी लक्ष ठेवाया पायजे, अजून उतरला तं हाक मारीन."

"काकी, वेड लागलंय का? मी बसते. चूक माझी आहे."

"तू वर जा. तुला सांगतंव तसा काढ. वरून वरून, शेंड्यातून. पायथा नको उकरू. मानसा भिंतीच्या वरती उभी कर, मधे नको." मग जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, "आन् मी खाली बसलेय म्हटल्यावर ही लोका वर येतील. नायतर कोन येतंय?"

सून रडायला लागली. काकी थांबल्या नाहीत. तीन मजले चढून, आईच्या पलंगावर, बरोबर ढिगाखाली, दाराकडे तोंड करून जाऊन बसल्या.

आणि खरंच, पहिल्या मजल्यावरचा बँकेतला मुलगा निघाला. मग त्याचा भाऊ. मग बाबा. मग एकेक करत वीस-बावीस जण. पासष्ट वर्षांची परकी बाई आपल्या छताखाली जाऊन बसली आहे, आणि आपण रस्त्यावर उभे, हे कोणाच्यानेच सोसलं नाही. आम्ही कठड्याला धरून, भिंतीच्या वरून रांग लावली. कुणी मधे पाऊल टाकलं की मी किंचाळायचे. शेंड्यातून रेती काढायची, घमेलं हातोहात पुढे जायचं आणि मागे रिकामं व्हायचं. ऊन डोक्यावर होतं. मी मोजत होते, मोठ्याने. मोजण्याखेरीज दुसरं काही करायला मन धजत नव्हतं. शंभर. दोनशे. दर शंभराला मी खाली हाक मारायचे, "काकी!" आणि खालून उत्तर यायचं, "हाय!"

सहाशेला हाक मारली, उत्तर आलं. सहाशे चाळीसाव्या घमेल्याला खालून आवाज आला. काकींचा नाही, दाराचा. कडी बसल्याचा खट्ट असा आवाज.

मी जिन्यावरून कशी उतरले ते आठवत नाही. खोलीचं दार बंद होतं. आठ दिवस न लागलेलं दार, पूर्ण बंद, आणि चौकटीत वरच्या बाजूला बोटभर फट. सुताराने तासलेली जागा ती. तेवढा स्लॅब आईच्या डोक्यावर खाली आला होता.

मी दार उघडलं. काकी पलंगावरच होत्या. दार त्यांनी बसल्या बसल्या पायाने लोटून बघितलं होतं. लुगडं घामाने अंगाला चिकटलेलं, दोन्ही मुठींत आईची चादर गच्च धरलेली. त्या मुठी सोडवायला मला बोटं एकेक करून उघडावी लागली. इतके दिवस मला वाटायचं, या बाईला कशाची भीती म्हणून वाटत नाही.

"काकी, घाबरला होतात?"

"नाय तं कं!" त्या माझ्यावर खेकसल्या. मग चादर नीट करत म्हणाल्या, "तुमी वर पाट्या मोजत व्हता गो बाय. मना त्या डोक्यावर लागत व्हत्या."

मी त्यांच्या पायाशी फरशीवर बसले आणि लहान मुलीसारखी रडले. काकींनी रडू दिलं. मग पाणी मागितलं, दोन तांबे पाणी प्यायल्या, आणि उठून आईला कुंकू लावून हळदीचं आमंत्रण दिलं.

संध्याकाळपर्यंत सगळा ढीग खाली गेला. शेवटचं घमेलं एक हजार ब्याण्णवावं. बाबांनी तो आकडा काकींना फोन करून सांगितला, स्वतः, आणि "थँक यू" म्हणाले. पलीकडून काकी म्हणाल्या, "आठ तुमी सांडल्या असतील."

काकी गेल्या वर्षी गेल्या. आईच्या खोलीच्या दारावरची फट बाबांनी अजून बुजवलेली नाही, कोणी विचारलं तर राहू दे म्हणतात. माझ्या हाताखाली आता चार इंजिनियर आहेत. कुठल्याही साइटवर वर माल चढवायचा असला की कागद माझ्याकडे सहीला येतो. मी कागद बाजूला ठेवते, माल कुठे पडणार ते विचारते, आणि त्याच्या बरोबर खाली जी खोली असेल तिथे जाऊन बसते. वर बघत, मनात पाट्या मोजत पाच मिनिटं बसून राहते. आणि पोटातली भीती कमी झाली, तरच सही करते.